जाताना वीस, येताना दहा

गाडी घेतली ती सरूसाठी. माझ्या बायकोचे दोन्ही गुडघे गेलेत. आमच्या तळेगाव ढमढेऱ्याहून यवतला जायचं तर वडापची जीप धरायची, मध्ये राहू गावात उतरायचं आणि दुसऱ्या जीपची वाट बघायची. जीपची पायरी उंच. एकदा दोन परक्या माणसांनी तिला काखेत हात घालून वर ओढून घेतलं. घरी आल्यावर ती म्हणाली, "आता मला न्हाई जमायचं." आमची एकुलती लेक नीलम यवतच्या पुढं एका वस्तीवर दिलेली आहे. त्यानंतर वर्षभर मायलेकींची गाठ पडली नाही. म्हणून गाडी.

पांढरी, पेट्रोलवरची, लहानशीच. जन्मभर ट्रॅक्टर चालवलेला, त्यामुळे शिकायला वेळ लागला नाही. शोरूममधला पोरगा म्हणाला, आबा, बावीसचं ॲव्हरेज देईल. मी मनात वीस धरलं.

ट्रॅक्टरचं डिझेल मी कायम एकाच रीतीनं मोजत आलो. टाकी गळ्यापर्यंत भरायची, काम उरकायचं, परत गळ्यापर्यंत भरायची. जेवढं आत गेलं तेवढं त्यानं खाल्लं. गाडीलाही तीच रीत लावली. तळेगावात टाकी भरून निघालो, यवतला हायवेच्या पंपावर परत भरली. हिशेब वीसचा आला. मी सरूला म्हटलं, "बघ, बोलल्यापरमाणं देती." दिवसभर लेकीच्या घरी थांबलो, संध्याकाळी परत आलो आणि तळेगावात टाकी भरली. दहाचा आला.

पंपावरच्या माणसाचं काही चुकलं असेल म्हणून सोडून दिलं. पुढच्या खेपेला पुन्हा तसंच, त्याच्या पुढच्या खेपेलाही. रस्ता तोच, गाडी तीच, चालवणारा मी, शेजारी बसणारी सरू. आणि जाताना वीस, येताना दहा.

चढ-उताराचा विचार करून बघितला. पण भीमा मध्ये आहे. इकडून जा नाहीतर तिकडून या, पुलापर्यंत उतार आणि पुलापुढं चढ. वारा म्हणावा तर तो काय माझी गाडी बघून उलटा वाहत नाही. येताना व्याही गुळाची ढेप गाडीत टाकतात, ती एकदा नको म्हटली. सरू रुसली, आणि आकडा दहाच राहिला. पंप बदलला. गाडीत पायाखाली शेंगांची टरफलं सापडली म्हणून सरूला बोललो, पण टरफलांचा आणि पेट्रोलचा काय संबंध, ते मलाच सांगता येईना. शेवटी सर्व्हिसिंगला नेली. त्यांनी यंत्र लावलं आणि गाडीत काही दोष नाही म्हणाले. मी म्हटलं, जायच्या वाटेवर नसेल, यायच्या वाटेवर आहे. ते एकमेकांकडं बघून हसले.

सरूचा धाकटा भाऊ मल्हारी आमच्याच आळीत राहतो. त्याच्याजवळ बोललो तर तो म्हणाला, "दाजी, येताना ताई दुप्पट वजनाची व्हती का काय?"

"चेष्टा नको. डोकं फिरायची पाळी आलीय."

"आवं, म्होरं त्या पडद्यावर ॲव्हरेज लिवून येतंय की."

"तो पडदा इकणाऱ्यानंच बसवलाय. त्याच्यावर कोण इस्वास ठेवील?"

मल्हारीनं पडद्याचा नाद सोडला. मग म्हणाला, "मला तर एकच दिसतंय. गाडी तिथं दिसभर उभी असती. कुणीतरी काढतंय."

"कसं काढंल? टाकीचं झाकण आतनं उघडतं. गाडीला कुलूप असतं."

"आन् चावी कुठं असती?"

चावी मी व्याह्यांच्या ओट्यावर माझ्या उशाशी ठेवतो. जेवणं झाली की सरू ती घेऊन जाते, कारण तिची पिशवी दर वेळी गाडीत राहते. मी तिथंच खाटेवर आडवा होतो. निघायच्या वेळी चावी परत माझ्या हातात येते. मधला सगळा वेळ ती त्या घरात कुठंतरी असते. याच्या पुढचा विचार मला करायचा नव्हता, पण तो थांबेना. लेकीच्या सासरी कुणी पेट्रोल चोरतं, असं म्हणायचं कुणाला? आणि म्हटलं तर लेकीनं त्या घरात तोंड कसं दाखवायचं?

"इकायची झाली तर मला सांगा," मल्हारी उठताना म्हणाला. "मी दोन्हीकडनं सारखीच चालवीन."

संध्याकाळी सरू भाकरी थापत होती. मी म्हटलं, "गाडी मल्हारीला दिऊन टाकावी म्हंतो."

तिचा हात थांबला. "आन् यवतला?"

"जाऊ की पहिल्यासारखं."

"पहिल्यासारखं म्हंजी मी जातच नव्हते," ती म्हणाली. भाकरी तव्यावर टाकली आणि उलटायची विसरली. करपल्याचा वास सुटला तेव्हा मीच म्हटलं, "बरं, एक खेप करू. काय हाय ते माझ्या डोळ्यानं बघतो. मग ठरवू."

व्याही गेणबांचं म्हणजे चार भावांचं एकत्र घर. ओट्यावर पुरुषांची ऊठबस, आत बायका, पुढं गायांचा गोठा. अंगणात कायम एखादी उसाची ट्रॉली उभी असते, म्हणून माझी गाडी गोठ्यामागं चिंचेखाली लावायची. तिथं थोडा उतार आहे. ऊन रणरणत होतं. कडबा कुट्टीचं यंत्र चालू होतं, त्यामुळं ओट्यावर बोलतानाही आवाज चढवायला लागत होता.

जेवण झालं. नीलमनं खालमानेनं पाणी आणून दिलं. "बरी हायस ना?" "व्हय आबा." "जावई कुठं गेलं?" "डेअरीवर." आमचं एवढंच बोलणं होतं, दर वेळी. लग्न झाल्यावर पोरी गप्प होतात, असं मी धरून चाललो होतो. मग सरू आली आणि पिशवी राहिली म्हणून चावी घेऊन गेली. त्या दिवशी मी आडवा झालो नाही. बसून राहिलो. बराच वेळ गेल्यावर बोलायला नको ते बोललो.

"पाव्हणं, दुपारचं गाडीपाशी कोण जातंय का?"

"कशापायी?"

"सहज. हितनं जाताना पेट्रोल जरा जास्त जातंय."

गेणबा तंबाखू मळायचे थांबले. "हितनं म्हंजी? आमच्या वस्तीवरनं?"

"तसं न्हाई म्हणालो."

"मग कसं म्हणालात?"

गेणबा उभे राहिले. "आमच्यात आजवर कुणी कुणाच्या बांधावरची काडी उचलली न्हाई. चला. आत्ता गाडीपाशी जाऊन बसू दोघं. कोण येतंय ते बघा. आन् कुणी न्हाई आलं, तर आमच्या चारी भावांम्होरं तसं सांगायचं."

मी पुढं झालो. ते वहाणा शोधत मागून निघाले. गोठ्याशी एक वासरू दावं तोडून फिरत होतं, त्याला धरायला ते थांबले. मी कोपऱ्यावरून वळलो.

गाडीखालची माती ओली होती आणि एक कोंबडी तिथलं पाणी पीत होती. पाऊस नाही, नळ नाही, मला काही कळेना. काचा सगळ्या वर. मी पुढं होऊन बॉनेटला हात लावला. ते गरम होतं आणि बारीक थरथरत होतं. इंजिन चालू होतं.

मग आतलं दिसलं. सरूनं सीट मागं सारून दोन्ही पाय पुढच्या फळीवर लांब केले होते, गुडघे सरळ. नीलम माझ्या जागेवर मांडी घालून बसली होती. डोक्यावर पदर नाही, ओच्यात भुईमुगाच्या शेंगा. ती बोलत होती. दोन्ही हात हलवून, मान वाकडी करून, कुणाची तरी नक्कल करत बोलत होती, आणि सरू पोट धरून हसत होती. हसता हसता सरूनं डोळे पुसले, मग नीलमनंही पुसले, आणि ती पुन्हा बोलायला लागली. मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. त्यांचं माझ्याकडं लक्षही नव्हतं. ही पोरगी आत्ता मला "व्हय आबा" म्हणून गेली होती.

"काय पाव्हणं," गोठ्यापासून गेणबांचा आवाज आला, "हाय का कुणी?"

घरात एवढी जागा असताना दोघी उन्हात गाडीत का बसल्यात, हे मला समजलं नव्हतं. पण गेणबा इथवर आले तर त्या पुन्हा बसणार नाहीत, एवढं समजलं. मी उलटा फिरलो आणि त्यांना गोठ्याच्या कोपऱ्यावरच गाठलं.

"थांबा पाव्हणं. घावलं."

"काय घावलं?"

"हँडब्रेक. हितं उतार हाय म्हणून लावतो आन् निघताना अर्धा वरच राहतोय. आत्ता काचंतनं दिसलं. तसाच वढत नेतो मी गाडी तळेगावापतुर."

गेणबांनी माझ्याकडं नीट बघितलं. "उभा जन्म ट्रॅक्टर हाकला म्हंता न्हवं?"

"व्हय."

"आन् हँडब्रेक लावून गाडी?"

"वय झालं आता."

ते इतके हसले की गाईच्या पाठीवर हात टेकून उभे राहिले. मग तिथूनच भावांना हाका मारल्या. ओट्यावर सगळे जमले, मला परत पहिल्यापासून सांगायला लावलं. "ह्या हँडब्रेकवाल्या पाव्हण्यांना च्या टाका गं," गेणबा आत ओरडले. मी तो चहा मान खाली घालून प्यालो.

परत येताना राहू मागं पडलं. मग विचारलं, "गाडीत बसून काय करत व्हता?"

सरू दचकली. "बघितलं व्हय तुम्ही?"

"बघितलं."

"एसी लावला की काचा बंद ठेवता येत्यात. आवाज भाईर जात न्हाई."

"पेट्रोल जातं त्यानं."

"आवं, गाडी तर उभीच असती." मग तिचा चेहरा बदलला. "लई जातं का?"

"तळेगावला यायला लागतं तेवढं."

ती खिडकीबाहेर ऊस बघत राहिली. मी विचारलं, "तरास हाय का पोरीला?"

"न्हाई. चांगली माणसं हायती."

"मग?"

"बोलायला कुणी न्हाई."

"अगं, घरात धा माणसं हायती."

"व्हय," सरू म्हणाली. पदर सारखा करत पुढं म्हणाली, "गाडी यायच्या आधी फोनवर म्हणायची, आई, मला घिऊन जा. फोनसुदिक सगळ्यांच्यात बसून. आता न्हाई म्हणत."

चांगली माणसं आहेत, घर भरलेलं आहे आणि बोलायला कुणी नाही. मी ते मनात पुन्हा पुन्हा मांडून बघितलं, पण वीस आणि दहासारखंच ते जुळेना. भीमेच्या पुलावर मी काचा वर केल्या आणि एसी लावला.

"बोल," मी म्हटलं.

"काय बोलू?"

"काय बी."

सरूनं थोडा विचार केला. मग मान मागं टेकली आणि झोपली.

हँडब्रेकची गोष्ट तळेगावात पोचायला वेळ लागला नाही. मल्हारी दारातूनच हसत आला. "दाजी, म्हंजी आता वीस देत असंल."

"न्हाई. दहाच."

"आवं, मग ब्रेक खाली करा की."

"सवय जात न्हाई."

"मग इकताय?"

"न्हाई."

त्याला काही उमगलं नाही, आणि मीही काही सांगितलं नाही.

पुढच्या खेपेला व्याह्यांकडं जेवणं झाली. सरू ओट्याच्या दाराशी आली आणि घुटमळली. चावी मागेना. माझं बोलणं तिनं मनाला लावून घेतलं असावं. नीलम तिच्या मागं पदर सावरत उभी होती. मी उशाची चावी उचलून सरूपुढं धरली.

"जा, तुझी पिशवी राहिली असंल गाडीत."

पिशवी तिच्या काखेतच होती. तिनं चावी घेतली.

"काय पाव्हणं," गेणबा समोरच्या खाटेवरून म्हणाले, "आज हँडब्रेक?"

"वर हाय," मी म्हटलं आणि आडवा झालो.