तुडव्याचा पाय

"उतरू नका म्हणते ना! पायाला चिंधी गुंडाळलीय आणि निघाले चिखल तुडवायला!"

बायकोनं हातातला विटांचा साचा असा आपटला की सावलीला झोपलेलं कुत्रं उठून पळालं. तुडव्या मात्र खड्ड्यात उतरलाच. वीटभट्टीवर त्याला खऱ्या नावानं कोणी हाक मारत नसे. माती तुडवावी तर त्यानंच. चाळणीतून सुटलेला बारका खडाही त्याच्या तळव्याला बरोबर लागायचा. मग हा बगळ्यासारखा एका पायावर उभा राहून तो खडा उपसून लांब भिरकावणार.

"मी नाही तुडवला तर कोण तुडवणार? तू?"

"तुडवीन की! तुम्हालाच आत घालून तुडवीन!"

भांडण पायाचंच होतं. त्याची दोन बोटं काळी पडायला लागली होती. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलेलं, "विडीनं पायातल्या रक्ताच्या नळ्या आवळल्यात. मी औषध देईन, पण विडी सुटली तरच पाय राहील. नाहीतर कापावा लागेल."

तुडव्या घाबरला. खरंच घाबरला. पण मिसरूड फुटायच्या आधीपासूनची विडी, ती काय घाबरून सुटते?

उपाय लेकीनं काढला. ती कपडे शिवायच्या कारखान्यात कामाला. तिनं आपला जुना मोबाईल बापाला दिला, त्यात विडी सोडवायचं एक अॅप टाकलं.

"बाबा, तलफ आली की हे हिरवं बटण दाबायचं. ते सांगेल तसं करायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

बटण दाबलं की आतून एक बाप्या अगदी मायेनं बोलायचा. थांबा. पाणी प्या. लांब श्वास घ्या. आणि शेवटी, शाब्बास, जमलं तुम्हाला! मग पडद्यावरच्या झाडाला एक पान फुटायचं. ते झाड लेकीला तिच्या फोनवर दिसायचं. ती कारखान्यातून फोन करायची, "आई, झाड बघ कसं डवरलंय!" आणि आई विटा थापता थापता गुणगुणायला लागायची. किती दिवसांनी!

पुढच्या खेपेला भट्टी उघडली तर विटा तडकलेल्या. मालक तणतणत आला, "तुडव्या, मातीत खडे ठेवलेस? झोपेत तुडवतोस का?"

मालक गेल्यावर बायको स्वतः खड्ड्यात उतरली. तिच्या तळव्याला खडेच खडे टोचले. ह्यांच्यावर हा माणूस सकाळभर नाचत होता आणि त्याला कळलं नाही? विडी सुटलीय, मग पाय आणखी बधिर कसा?

दुपारी ती त्याच्या मागोमाग विटांच्या थप्पीआड गेली. त्यानं बटण दाबलं. थांबला. पाणी प्याला. डोळे मिटून श्वास घेतला. शाब्बास ऐकलं. आणि कानावरची विडी काढून पेटवली.

"अहो! हे काय?"

"काय म्हणजे? विचारलं ना त्याला. शाब्बास म्हणाला."

"रोज असंच?"

"मग! त्याला न विचारता एकही ओढली नाही मी."

तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. लबाडी असती तर तिनं तिथंच झोडपला असता. पण तो इमानदारीनं काम केलेल्या माणसासारखा उभा होता. शाब्बासनंतर पडद्यावर अक्षरं यायची, विडी ओढली का म्हणून. ती वाचता कोणाला येत होती? उत्तर आलं नाही की अॅप 'नाही' धरायचं आणि पान फुटायचं.

लेक फोनवर रडली. "आई, हेही सांगायला लागेल असं वाटलंच नाही गं मला."

त्यानंतर त्यानं खरंच सोडायला घेतली. विड्यांचा कट्टा भट्टीच्या तोंडात फेकला. सकाळ दात आवळून काढली. दुपारी बायकोवर उगाच खेकसला. आणि माती आणणाऱ्या गाडीवाल्यानं टाकलेलं थोटूक उचलून, तोंड फिरवून ओढलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तोंडसुद्धा फिरवलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी चिंधी सोडली, पाय घोट्यापर्यंत दाबून पाहिला. मग म्हणाल्या, "घोट्यापासून काढावा लागेल. दुसरा अजून चांगला आहे. आता तरी सोडा."

दोघं बाहेर येऊन कुंपणाच्या भिंतीला टेकून बसली. वारं सुटलं होतं. तुडव्यानं खिशातून विडी काढली. काडी ओढली, विझली. दुसरी ओढली, तीही विझली. तिसरी काडी हातातूनच पडली.

"द्या इकडे," बायको म्हणाली.

त्याला वाटलं, आता फेकून देणार. तिलाही तसंच वाटलं होतं. पण तिनं पदराचा आडोसा केला, काडी ओढली आणि जाळ त्याच्या तोंडाशी धरला.