अर्जातलं उणं

भाऊजी फुकट राबतात, यातच वहिनींना कुठंतरी पाणी मुरताना दिसत होतं.

अर्धांगाचा झटका येऊन वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवणारी वहिनींची दोन खोल्यांची संस्था. अनुदानाचा अर्ज दोनदा नामंजूर झालेला. तिसऱ्यांदा झाला तर मागची खोली सोडावी लागणार आणि निम्मी माणसं मुकीच घरी बसणार. म्हणून निवृत्त कारकून असलेला धाकटा दीर ‘यंदाचा अर्ज मी लिहितो’ म्हणाला, तेव्हा त्या हो म्हणाल्या खऱ्या. पण ज्यानं जन्मात कुणाला टाचणी उसनी दिली नाही, त्याला एकाएकी परोपकाराचा उमाळा यावा?

आठवडाभर त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. भाऊजी आरशासमोर शब्द घोकणाऱ्यांजवळ बसायचे, काहीबाही टिपायचे आणि वहिनींची चाहूल लागली की वही मिटायचे. एकदा तर दारावरची नोंदवही काखोटीला मारून घरी नेली. याला अध्यक्षाची खुर्ची हवी, असं वहिनींच्या मनानं घेतलं.

भाऊजी हात धुवायला गेले तशी त्यांनी वही उघडली. ‘मागच्या खोलीत शेजारच्या गिरणीमुळे शब्द ऐकू येत नाहीत. अकरापैकी तिघांत काहीच फरक नाही. जागेअभावी सहा जणांना परत पाठवलं.’

“संस्थेची अब्रू वेशीवर टांगायला बसलात होय, भाऊजी?”

भाऊजी दारातच रुमालानं हात पुसत राहिले. “तुमचे दोन्ही अर्ज वाचले, वहिनी. जागा ऐसपैस, शिकवणं उत्तम, सगळे खडखडीत बरे. पाहुण्यांसाठी आवरावं तसं घर आवरलंत. भरल्या ताटात कोण वाढेल? देवापुढंसुद्धा माणूस आपलं उणंच सांगतो.”

“मग वही का लपवत होता?”

“दाखवली असती तर ही वाक्यं ठेवली असतीत?”

परत पाठवलेल्यांना जिन्यापर्यंत सोडायला वहिनीच जायच्या. एक गृहस्थ शेवटच्या पायरीपर्यंत स्वतःचं नाव उच्चारायची धडपड करत गेले होते.

“सहा नव्हेत,” त्या म्हणाल्या.

“नोंदवहीत सहाच आहेत.”

“तिघांची नोंद माझ्या हातून झालीच नाही. लाज वाटली. नऊ लिहा.”

दुसऱ्या दिवशी टाइप केलेला अर्ज आला. वहिनींनी तो शब्द न् शब्द वाचला, पानोपानी सही केली आणि पाकीट आपल्या पिशवीत घातलं.

“द्या, जाता जाता टपालात टाकतो,” भाऊजी म्हणाले.

“लिहिलंत छान, भाऊजी. टाकणार मी.”