पडद्यापुढची पहिली रांग

आमच्या माल्टात विमान धावपट्टीला टेकलं की लोक टाळ्या वाजवत. पायलट ओळखीचा असेल तर मागून कुणीतरी त्याचं नाव घेऊन ओरडेही. आता कुणी वाजवत नाही. नवी कंपनी आली, नवे गणवेश आले, आणि मीही आता उडत नाही. जुन्या कंपनीत मी पंचवीसेक वर्षं एअर होस्टेस होते, त्यातली शेवटची बरीचशी पुढच्या भागात, म्हणजे बिझनेस क्लासमध्ये.

तो बिझनेस क्लास म्हणजे काही फार नव्हतं. खुर्ची तीच, गुडघेही तसेच अवघडायचे. फक्त तीन जागांतली मधली रिकामी ठेवायची, पाठीमागे निळा पडदा ओढायचा आणि जेवण कागदी डब्याऐवजी चिनी मातीच्या बशीत द्यायचं. तिकिटं जास्त खपली की पडदा मागे सरकवायचा, कमी खपली की पुढे. देश एवढासा, की पडद्यापुढे मंत्री बसलेला असला तर त्याची मावशी पडद्यामागे हटकून असायचीच. ती तिथूनच विचारायची, "अरे, आईला फोन केलास का?" आणि मंत्री मान खाली घालून म्हणायचा, "करतो गं मावशी, उतरलो की करतो."

कंपनी बंद होणार हे ठरलं होतं, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. फेब्रुवारीतलं सकाळचं रोमचं विमान होतं. दारात उभी राहून मी लोकांना आत घेत होते, तेवढ्यात आमच्या गावचे विस्तीनकाका शिडी चढून आले. अंगात लग्नातला काळा सूट, त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि हातात कापडी पिशवी. पिशवीतून ताज्या पावाचा वास येत होता.

"साल्वीना! तू घंटेवाल्यांच्या लोन्झूची लेक ना? पोरी, मला पुढे बसवलंय म्हणे. काही चूक तर नाही ना?"

"चूक नाही काका. पहिली रांग, उजवीकडे."

"आंजने तिकीट पाठवलंय. त्याला पाद्री होऊन पन्नास वर्षं झाली, तिकडे रोमला मोठी प्रार्थना आहे. मी म्हटलं, मागे बसतो. तर म्हणाला, आयुष्यात एकदा तरी पडद्यापुढे बस."

दुन आंज म्हणजे आमच्याच गावचे पाद्री; पाद्र्याच्या नावाआधी आम्ही 'दुन' लावतो. तरुणपणी रोमला गेले आणि तिथल्याच एका मठात राहिले. मी विस्तीनकाकांना कडेच्या जागेवर बसवलं, कोट घडी घालून वर ठेवला. विमान जवळजवळ भरलं. दार लावायची वेळ झाली आणि धापा टाकत शेवटचा प्रवासी आला. नेनूकाका. मी आधी त्यांच्या जागेचा नंबर पाहिला.

का, ते सांगते. आमच्या गावात एकच चौक आणि चौकाच्या दोन टोकांना दोन बँड-क्लब. एक लाल, एक निळा. संत एकच, पण त्याच्या जत्रेत आधी कोणी वाजवायचं, कोणाचे फटाके जास्त वर गेले, यावरून सख्खे भाऊ एकमेकांना ओळख देत नाहीत. माझे वडील लाल, आई निळी. जत्रेचा आठवडा आला की आई दरवर्षी माहेरी जायची आणि वडील आठवडाभर क्लबातच जेवायचे. तर विस्तीनकाका लालमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे आणि नेनूकाका निळ्यांचे फटाके बनवायचे. दोघं एका गल्लीत वाढलेले, एका बाकावर शिकलेले, आणि चाळीसेक वर्षं एकमेकांशी एक शब्द बोललेले नव्हते. अख्ख्या गावाला हे ठाऊक होतं.

नेनूकाकांची जागा पहिल्या रांगेत, उजवीकडेच, खिडकीपाशी होती.

ते वाटेतच थबकले. विस्तीनकाकांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पोरी, मला मागे टाक. संडासाशेजारी टाक, चालेल."

"काका, विमान भरलंय. मागे जागा नाही."

"मग मी उतरतो."

"तुमची बॅग विमानाच्या पोटात गेलीये. ती काढायला अर्धा तास जाईल, आणि मागे दीडशे लोक आहेत. ते तुम्हाला गावात शिव्या घालतील."

विस्तीनकाका समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "साल्वीना, त्याला सांग, मी काही चावत नाही."

"त्याला सांग, दात असले तर चावेल ना!" नेनूकाका म्हणाले. पण आत सरकले. विस्तीनकाकांनी पाय आखडून घेतले तेवढेच. उठून वाट काही दिली नाही.

विमान उडालं. पट्ट्यांचा दिवा विझताच मी उठले, आणि तेव्हापासून मी दोघांची दुभाषी झाले. दोघं माल्टीज बोलत होते, मीही माल्टीजच, पण निरोप माझ्यामार्फतच जायला हवा होता.

"साल्वीना, त्याला सांग, त्याची पिशवी मधल्या जागेवर आलीये. अर्धी जागा माझी आहे," नेनूकाका म्हणाले.

"त्याला सांग, त्यात आंजसाठी पाव आहे. पावाचा राग येत असेल तर खिडकी उघडून बस म्हणावं."

"त्याला विचार, आंजने मलाही बोलावलंय हे त्याला माहीत होतं का?"

यावर मात्र विस्तीनकाका माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "आंज मला म्हणाला होता, नेनू येत नाही, त्याची तब्येत बरी नाही."

नेनूकाकांनी ते ऐकलं. "मला म्हणाला, विस्तीनने नकार कळवलाय," ते खिडकीला सांगितल्यासारखं म्हणाले. "पाद्री होऊन पन्नास वर्षं झाली, आणि दोन-दोन थापा मारतोय लेकाचा."

मला हसू आवरेना. मी वळून चहाच्या भांड्यांशी खुडबुड करत राहिले. पडद्यामागून आमच्याच गावची एक बाई डोकावून गेली. दोघांना शेजारी बघून तिने छातीवर क्रूसाची खूण केली आणि परत पडद्याआड झाली. गावाला बातमी देण्यासाठी ती रोमला उतरायची वाट बघणार हे मला कळून चुकलं.

त्या दिवशी आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. सिसिली आली आणि उजवीकडे एट्ना ज्वालामुखी दिसायला लागला. वरपर्यंत बर्फ, शेंड्याला धुराची बारीक शेपटी. मी ट्रे घेऊन गेले, तेव्हा नेनूकाका काचेला नाक लावून बसले होते. विस्तीनकाका समोर बघत होते, पण मान थोडी थोडी तिरकी होत होती. नेनूकाकांचे रुंद खांदे सगळी खिडकी अडवून होते. मग नेनूकाका एकदम मागे रेलले आणि म्हणाले,

"बघ."

मला नव्हतं म्हटलेलं. मध्ये मी नव्हतेच.

विस्तीनकाका मधल्या जागेवर हात टेकून वाकले. पाव दबला, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आंजच्या गच्चीवरून एवढासा दिसला होता."

"नखाएवढा."

"तू म्हणाला होतास ढग आहे."

"मी नाही. आंज म्हणाला. मी म्हणालो, ढगाला धूर नसतो."

हिवाळ्यात कधीतरी, हवा फार निर्मळ असली तर, आमच्या बेटावरून एट्ना दिसतो. या तिघांनी लहानपणी एकदा तो पाहिला होता, आणि शाळेत कुणी विश्वास ठेवला नाही म्हणून तिघांनी मिळून एका मुलाला बदडलं होतं. कोणाला बदडलं यावर आता दोघांचं एकमत होईना. एक म्हणे, न्हाव्याचा मुलगा. दुसरा म्हणे, छे, तो तर आपल्या बाजूने होता. मी ट्रे मांडून मागे सरले. मला कोणी निरोप दिला नाही.

ट्रेमध्ये त्या महिन्यात बिगिल्ला असायची, बाकल्याच्या दाण्यांची वाटून केलेली चटणी, सोबत खारी बिस्किटं आणि मिरी लावलेलं मेंढीच्या दुधाचं चीज. शेवटच्या दिवसांत खर्चाची काटछाट चालली होती, तरी आमच्या स्वयंपाकघरातल्या बायकांनी ही बशी सोडली नव्हती. मी कॉफी घेऊन परत आले तेव्हा नेनूकाका बिस्किटावर चटणी लावून हळूहळू चावत होते.

"लसूण कमी आहे," ते म्हणाले.

"आईच्या हातच्या बिगिल्लातही कमीच असायचा," विस्तीनकाका म्हणाले.

"हो. जोझामावशी लसूण कमी घालायची आणि मिरची जास्त. मला वेगळी वाटी काढून ठेवायची, मिरची न घातलेली."

"तू रडायचास तिखटाने."

"मी सहा वर्षांचा होतो!"

दोघं हसले असते. पण हसू अर्ध्यावर राहिलं, कारण जोझामावशीचं, म्हणजे विस्तीनकाकांच्या आईचं, नाव निघालं होतं. गावाला जे भांडण ठाऊक होतं ते क्लबांचं. त्यांचं स्वतःचं वेगळं होतं, ते मला तिथे, हातात कॉफीचं भांडं धरून, कळलं.

"ती गेली तेव्हा तू आला नाहीस," विस्तीनकाका म्हणाले. आवाज चढवला नाही. "निळ्यांचं कोणी येणार नाही, हे मला माहीत होतं. तेव्हा क्लबांनी तसं ठरवलंच होतं. पण तू निळा नव्हतास आमच्या घरात. तू माझ्या आईच्या ताटात जेवला होतास. मी दारातून गल्लीच्या टोकाकडे बघत राहिलो. शवपेटी उचलायची वेळ झाली तरी बघत होतो. बाबा म्हणाले, चल आता."

नेनूकाकांनी बिस्किट ट्रेमध्ये ठेवलं. मला तिथून निघायला हवं होतं, पण मी कप हळूहळू भरत राहिले.

"मी बूट घातले होते," शेवटी ते म्हणाले. "काळे. आणि दाराच्या आत उभा राहिलो. बाहेर आमच्या क्लबचे चार जण उभे होते. त्यांनी काही म्हटलंसुद्धा नाही रे. नुसते उभे होते. आणि मी बूट काढले." मग म्हणाले, "ती मला विसरली नसती. मी मात्र चार माणसांना घाबरलो."

विस्तीनकाकांनी त्यावर "असू दे" म्हटलं नाही, की "माफ केलं" असंही म्हटलं नाही. त्यांनी नेनूकाकांच्या ट्रेमधली चीजची चकती उचलली आणि म्हणाले, "तू मिरीचं खात नाहीस अजून?"

"नाही."

"मग मी खातो."

आणि खाल्ली.

रोमला विमान टेकलं तेव्हा मागच्या आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. इटालियन प्रवासी वळून बघायला लागले. दार उघडल्यावर विस्तीनकाका उठायला लागले, पण गुडघ्याने साथ दिली नाही. नेनूकाकांनी एक हात त्यांच्या काखेत घातला, दुसऱ्या हाताने पावाची पिशवी उचलली.

"दे इकडे, मी घेतो," विस्तीनकाका म्हणाले.

"तू स्वतःला उचल आधी. चपटा केलायस नुसता. आंज विचारेल, हा पाव आहे की पापुद्रा?"

"सांग, तुझ्यामुळे झाला."

जिन्याखाली बसपर्यंत त्यांचा तो वाद चालूच होता.

परतीच्या दिवशी मी मुद्दाम एका मैत्रिणीशी ड्यूटी बदलून घेतली. दोघं आले ते बोलतच. दुन आंज म्हणे दारातच काठीवर रेलून उभे होते, आणि दोघांना एकत्र टॅक्सीतून उतरताना बघून इतके हसले की खोकल्याची उबळ आली आणि ननने धावत पाणी आणलं. दोघांनी त्यांना आधी थापांबद्दल झापलं, मग तिघांनी मिळून तो चपटा पाव टोमॅटो चोळून खाल्ला.

मार्च संपला तशी आमची कंपनीही संपली. शेवटच्या दिवशी आम्ही पुढच्या भागातली कपबशी एकेक करून घरी नेली. कुणी अडवलं नाही. माझ्याकडे दोन बशा आहेत, कडेला बारीक निळी रेघ असलेल्या. आई त्यात लोणचं ठेवते.

त्या ऑक्टोबरात दुन आंज गेले. मठातून पहिला फोन नेनूकाकांना आला, कारण आंजच्या वहीत त्यांचाच नंबर सगळ्यात वर लिहिलेला होता. संध्याकाळ होती, चौकात माणसं होती. नेनूकाका निळ्या क्लबातून उठले, सरळ चौक ओलांडला आणि लाल क्लबाच्या दारात जाऊन उभे राहिले. माझे वडील तेव्हा आत पत्ते खेळत होते. ते सांगतात, पत्ते हातातच राहिले. गल्ल्यावरचा माणूस टॉवेल धरून तसाच उभा. निळ्यांचा माणूस त्या उंबऱ्यावर कोणी आयुष्यात पाहिला नव्हता.

विस्तीनकाका कोपऱ्यातल्या टेबलाशी होते. त्यांनी मान वर केली. नेनूकाकांचा चेहरा बघूनच त्यांना कळलं.

"आंज?"

"दुपारी. झोपेतच."

विस्तीनकाकांनी शेजारची खुर्ची पायाने बाहेर ओढली. नेनूकाका आत आले आणि बसले.

"काय बघतोस?" विस्तीनकाका गल्ल्यावरच्या माणसाला म्हणाले. "त्याला चहा दे. ग्लासातला. साखर दोन."

क्लब बंद होईपर्यंत दोघं तिथेच बसले होते, वडील सांगतात.