रक्तसाक्षीची राख आणि दिव्याचं तेल

रविवारची प्रार्थना संपायच्या आतच आमचं ख्रिस्ती देऊळ रिकामं झालं. सगळे बाहेर रक्तसाक्षीच्या, म्हणजे विश्वासापायी जीव दिलेल्या संताच्या, थडग्यापाशी जमले होते, कारण कार्थेज शहराहून आलेला रोगातसबाबा त्याच्या अस्थींची राख ‘जागी’ करत होता. वाडग्यातल्या पांढऱ्या भुकटीवर त्याने गार पाणी ओतलं. खाली जाळ नाही, निखारा नाही, तरी पाणी खदखदलं. माणसं गुडघ्यांवर आली. “बघा, मेला तरी विश्वास विझला नाही त्याचा,” बाबा म्हणाला. चिमूटभर विश्वासाला एक कोंबडी असा त्याचा भाव होता.

मी त्या देवळाचा सेवक, पण जन्मलो चुनाभट्टीवाल्याच्या घरी. ही राख नाही, कळीचा चुना आहे, हे मी तीन दिवस घसा फोडून सांगत होतो. तुझा बाप चुना भाजायचा म्हणून तुला सगळीकडे चुनाच दिसतो, असं लोक म्हणत. देवाचा माणूस असून चमत्कार नाकारतोस, हेही वर ऐकवत.

तेवढ्यात गावातली बिरिक्त पुढे झाली. तिच्या लेकीच्या एका डोळ्यात फूल पडलं होतं, आणि राख थेट डोळ्यात घाल, असं बाबाने सांगितलं होतं. माझं डोकंच फिरलं. चुन्याने डोळे गेलेली माणसं मी भट्टीवर पाहिली आहेत. मी धावत जाऊन वेदीवरच्या दिव्याचं तेल आणलं आणि “विश्वासानं उकळत असेल, तर देवाच्या तेलातही उकळेल,” म्हणत कोरड्या भुकटीवर ओतलं. काही झालं नाही. भुकटी चिखलासारखी गार पडून राहिली.

“तेलाशी रक्तसाक्षीचं वैर नाही, तेलानं तो शांत होतो,” बाबा म्हणाला.

बिरिक्तने कोरड्या भुकटीची चिमूट उचलून त्याच्यापुढे धरली. “मग बाबा, आधी तुमच्या डोळ्यात घाला.”

बाबा दोन पावलं मागे सरला. दुपारपर्यंत तो आणि कोंबड्या, दोन्ही गावातून गायब झाले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण दुसऱ्या सकाळी माझ्या दारात वाडगी घेऊन रांग लागली. म्हणे सेवकाच्या तेलाने रक्तसाक्षी शांत झाला! कुणाला ते तापावर हवं होतं, कुणाला भांडखोर सासूवर. कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. मी सांगितलं, आगीला वाढवणाऱ्या तेलात चुना गार राहतो आणि आग विझवणाऱ्या पाण्यात उकळतो. का, ते मला माहीत नाही, माझ्या बापालाही नव्हतं. देवाचं हे नवल भट्टीवर रोज घडतं. त्याकडे डोळे भरून बघा, प्रश्न विचारा, पारखा. पण कुणी त्याचं औषध करून विकू लागला, तर आधी त्यालाच ते घ्यायला लावा.

रांगेच्या शेवटी बिरिक्त होती, लेक कडेवर.

“तेलानं तरी दिसेल का रे हिला, भाऊ?”

हो म्हणणं किती सोपं असतं, ते मला तेव्हा कळलं.

“नाही, ताई. पण दुसरा डोळा चांगला आहे हिचा. तो कुणाच्याही हाती देऊ नकोस, माझ्यासुद्धा.”