तोकड्या पायाखालचा शब्दकोश

मित्रांनो, मी एक जुना शब्दकोश आहे. अंगाने बारीक, पण शब्दांची सात पिढ्यांची कुळी सांगणारा. भौतिकशास्त्राच्या बाईंनी मला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात घेतलं आणि प्रयोगशाळेत ठेवलं. दरवर्षी पहिल्या तासाला त्या फळ्यावर एकही सूत्र लिहीत नसत. मला वर्गभर फिरवत. प्रत्येकाने 'फिजिक्स' या शब्दावर बोट ठेवून अर्थ मोठ्याने वाचायचा. त्या बोटांनी माझं ते पान पार मळून गेलं. मला त्याचा फार अभिमान वाटे.

मग तराजूच्या टेबलाचा एक पाय तोकडा झाला. शिपाईकाकांनी मला खाली सरकवलं आणि म्हणाले, "दोन दिवसांपुरतं." पुढे ते निवृत्त झाले. दोन दिवसांची अकरा वर्षं झाली. माझ्यासाठी बाईंनी कपाटं पालथी घातली आणि रोज माझ्याच डोक्यावर वजनं करत राहिल्या. काखेत कळसा म्हणतात तो हाच. हळूहळू पहिल्या तासालाही सूत्रंच आली. मला फार वाईट वाटलं.

दोनदा नापास झालेली एक मुलगी परवा विषय सोडण्याचा अर्ज घेऊन आली.

"बाई, सही करा. हा विषय म्हणजे गणिताचा खाष्ट काका आहे. मी आपली आईच्या रोपवाटिकेतच बरी."

"एकदा विचार कर गं."

"केला, बाई. रडूनही झालं."

बाईंनी पेन उघडलं. टोपण घरंगळत टेबलाखाली गेलं, म्हणून मुलगी वाकली.

"बाई, इथे पुस्तक आहे."

बाईंनी मला ओढून काढलं, रुमालाने पुसलं आणि ते मळकं पान तिच्यापुढे धरलं. तिने बोट ठेवून वाचलं, "मूळ ग्रीक शब्द फ्यूसिस, म्हणजे निसर्ग. तो 'उगवणं, वाढणं' या अर्थाच्या धातूवरून आला. आपल्या 'भौतिक'च्या मुळाशी असलेला 'भू', म्हणजे होणं, हा त्याचाच लांबचा भाऊ."

ती थांबली. "उगवणं? मग हे तर आमच्याच घरचं आहे."

"रोप उजेडाकडे का वाकतं, पाणी शेंड्यापर्यंत कसं चढतं, हेच तर शिकायचं असतं," बाई म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं तुला. चुकलंच माझं."

टेबल मात्र लंगडत होतं. मुलीने दप्तरातून नापासाच्या दोन्ही उत्तरपत्रिका काढल्या, वर तो अर्ज ठेवला, घट्ट घड्या घातल्या आणि माझ्या जागी सरकवल्या. तराजूचा काटा मध्यावर आला.

मित्रांनो, एखादा शब्द भीती दाखवू लागला, तर आधी त्याला त्याचं घर विचारा. आणि तुमचं टेबल डुगडुगत असेल, तर कृपा करून पुस्तकाला हात लावू नका.