बिनबियांची काकडी

थोरलीची काकडी म्हटलं की बाजारात पुढे काही बोलावं लागत नसे. बावीस वर्षं ती विहिरीजवळच्या वाफ्यात घरच्याच बियाण्याची काकडी लावत आली होती. दरवर्षी सगळ्यात देखणं फळ वेलावरच पिकू द्यायचं, बी धुऊन वाळवायचं, राखेत घोळून डब्यात भरायचं, आणि त्या डब्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. हंगामातली पहिली काकडी चिरली की पहिली फोड सासऱ्यांची. म्हातारा डोळे मिटून चावायचा आणि म्हणायचा, "हातगुण आहे सूनबाईचा." तेवढ्यावर ती वर्ष काढायची.

मग धाकटी जाऊ घरात आली. तिचा नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. ही दोन वर्षं रोपवाटिकेत काम केलेली, रिकामं बसणं ठाऊक नाही. तिने बांधापलीकडच्या तुकड्यावर पांढऱ्या जाळीचं शेड उभं केलं आणि संकरित काकडीचं पाकीट आणलं. आत बिया मोजून हजार.

"मोजून?" थोरली म्हणाली. "बिया आहेत की सोन्याचे मणी?"

"भाव जवळजवळ तोच आहे, ताई," धाकटी हसली. "पण या वेलाला सगळी मादीफुलंच येतात. जितकी फुलं तितक्या काकड्या. मधमाशीसुद्धा लागत नाही. आत बीही धरत नाही."

"मग पुढच्या वर्षी काय पेरणार? देठ?"

सगळे हसले. धाकटीसुद्धा खळखळून हसली, आणि थोरलीचा आनंद तिथेच विरला. टोमणा ज्याला लागतच नाही त्याला मारायचा तरी कशाला!

वेल सुतळीवरून सरसर वर चढले. थोरलीच्या नवऱ्याला स्वतःच्या बायकोच्या मांडवात एक काठी ठोकायची तर तीनदा सांगावं लागे. तोच आता शिडी घेऊन बांधापलीकडे तारा ताणत होता, वर शीळ घालत होता. पाचव्या आठवड्यात पहिली काकडी निघाली. धाकटीने ती सालीसकट चिरून सासऱ्यांपुढे ठेवली. त्यांनी एक फोड खाल्ली, लगेच दुसरी उचलली, मग तिसरी. "देठालाही कडू नाही गं," ते म्हणाले. "लोणी आहे लोणी." थोरली शेजारीच उभी होती.

त्यानंतर एक दिवसाआड तोडा सुरू झाला. ऊन चढायच्या आत धाकटी कात्रीने देठ राखून काकड्या कापायची. सगळ्या एका मापाच्या, सरळसोट, जणू साच्यातून काढलेल्या. इतकी वर्षं व्यापाऱ्याची गाडी आधी थोरलीच्या अंगणात थांबायची, ती आता तशीच पुढे जाऊ लागली. परतताना तो काच खाली करून म्हणाला, "वहिनी, तुमचीही घेतो की. जागा उरली तर."

जागा उरली तर! ते शब्द तिने रात्रंदिवस चघळले.

शेडच्या जाळीच्या दाराला पिशवीला असते तशी चेन होती. धाकटीने पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं होतं, "आत-बाहेर करताना चेन लावा. माशी दुसऱ्या वेलाचा पराग घेऊन आत शिरली तर फळात बी भरतं आणि फळ वेडंवाकडं होतं." थोरलीने ते कान देऊन ऐकलं होतं. तिच्या स्वतःच्या वाफ्यात नरफुलांचा पिवळा सडा पडलेला, मधमाश्या दिवसभर घोंघावत. धाकटी सकाळी बाजारात गेली की थोरली बांध ओलांडायची, चेन हातभर उघडायची आणि ती परतायच्या आत लावून टाकायची. एकदा केलं असतं तर त्याला राग म्हणता आला असता. तिने ते आठ दिवस केलं.

पुढच्या तोड्यांत काकड्या बिघडल्या. देठाकडे बारीक, टोकाला फुगलेल्या, काही विळ्यासारख्या वाकड्या. व्यापाऱ्याने एक उचलून उलटसुलट बघितली. "काय हो, यांना दिवस गेलेत की काय?" म्हणत त्याने पाचांतले तीन क्रेट तिथेच ठेवले. धाकटीचं तोंड एवढंसं झालं. खोटं कशाला बोला, थोरली त्या दिवशी दोन घास जास्त जेवली.

धाकटीने बियाण्याच्या दुकानात फोन केला. "माशी शिरली असणार," दुकानदार म्हणाला. "दार कोण उघडं टाकतं ते बघा."

दुपारी शेडच्या आत सावलीत स्टूल टाकून बसायला सासरे जात, हे सगळ्यांना माहीत होतं. धाकटीने अगदी हळू आवाजात विचारलं, "बाबा, निघताना चेन लावता ना?"

"लावतो की," ते म्हणाले. मग थांबले. त्या वर्षी एकदा त्यांच्या हातून पंप रात्रभर चालू राहिला होता. "लावतो... लावतोच ना मी? सूनबाई, तू इथेच असतेस. विसरतो का गं मी?"

थोरलीच्या तोंडून निघून गेलं, "वय झालं, बाबा. होतं असं."

त्या दिवसापासून म्हातारा बदलला. घराची कडी लावून पुन्हा मागे फिरून बघायचा, नळ बंद केला तरी त्याखाली हात धरून उभा राहायचा. चौथ्या दिवशी त्यांनी कमरेला लावलेली घराची किल्ली काढून थोरलीच्या हातात दिली. "तूच सांभाळ. आता माझाच मला भरवसा नाही."

ती किल्ली घेऊनच थोरली बांध ओलांडून गेली. धाकटी वाकडी फळं तोडून टोपलीत टाकत होती.

"दार मी उघडत होते," थोरली म्हणाली.

धाकटी वळली. "का?"

"तुझी काकडी चांगली आहे म्हणून."

धाकटीने हातातलं वाकडं फळ टोपलीत टाकलं, पण आवाज चढला नाही. "मला नंतर सांगा. आधी बाबांना जाऊन सांगा."

सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे मी विसरलो नव्हतो?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"नाही, बाबा."

मांडीवर थाप मारून ते एवढे हसले की डोळ्यांत पाणी आलं. मग हसू ओसरलं. "मला वाटलं, माझं डोकं चाललं. आणि तू वर म्हणालीस, वय झालं." त्यांनी हात पुढे केला. थोरलीने किल्ली दिली. त्यांनी ती कमरेला लावली आणि चार दिवस तिच्या हातचं पाणी घेतलं नाही.

धाकटी अकरा दिवस बोलली नाही. तोवर नवी फळं पुन्हा सरळ येऊ लागली. अन् नेमका मोठा तोडा निघाला त्याच दिवशी व्यापाऱ्याची गाडी बिघडली. वीस क्रेट अंगणात. धाकटी ते बर्फवाल्याच्या गोदामात न्यायला निघाली, तेव्हा थोरलीला राहवलं नाही.

"एवढ्या गारठ्यात नको ठेवूस. काकडीच्या अंगावर खड्डे पडतात, मग पाणी सुटतं. माझ्या विटांच्या खोलीत ठेव. दुहेरी भिंतींमध्ये भरलेली वाळू ओली ठेवली की आत हवं तेवढंच गार राहतं. तिथली पिकलेली खरबुजं मात्र आधी बाहेर काढ, त्यांच्या संगतीत काकडी पिवळी पडते."

धाकटीने तिच्याकडे रोखून बघितलं. "खरं सांगताय?"

हा प्रश्न आपणच ओढवून घेतलाय, हे थोरलीला कळत होतं. "तपासून बघ," ती म्हणाली. "दहा तिकडे ने, दहा इकडे ठेव."

धाकटीने तसंच केलं. चौथ्या दिवशी गाडी आली. गोदामातल्या काकड्या बाहेर काढताच मऊ पडल्या, सालीवर डाग आणि खड्डे. खोलीतल्या दहा क्रेटांत ओलं गोणपाट दूर करताच आत हिरव्यागार, टणक काकड्या. धाकटीने एक मोडली, कटकन आवाज झाला.

"पुढच्या वेळी सगळ्या इथेच," ती म्हणाली. जरा वेळाने तिने विचारलं, "अजून जळता माझ्यावर?"

थोरलीने त्या एकसारख्या काकड्यांवरून हात फिरवला. "हो," ती म्हणाली.

धाकटीने मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी शेडच्या दाराला कुलूप घातलं.