मागच्या दारातली रोयण

मित्रांनो, देवगडजवळ आमच्या भाईंच्या घरी आलात, तर तुमचं स्वागत पुढच्या दारात होईल. मी मागची. फणसाच्या लाकडाची एक जुनी चौकट, चाळीस वर्षं विहिरीकडे तोंड करून उभी असलेली. मला कोणी तोरण बांधत नाही, पण घरातलं प्यायचं पाणी रोज माझ्यातूनच आत येतं.

बाबुश सुताराच्या वडिलांनी मला घडवलं. माझ्या डाव्या खांबात त्यांनी गाभ्याबरोबर थोडं कोवळं, पांढरट लाकूड राहू दिलं. फणसाच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही. पांढऱ्या लाकडावर मात्र तुटून पडते. तरणेपणी मला त्याची फिकीर नव्हती. हंगामात आंब्याच्या पेट्यांचे कोपरे माझ्या अंगावर आपटत आणि भाई कौतुकाने म्हणत, "फणसाचा लाकूड ता. आमका सगळ्यांका पोचवून ऱ्हवतला." मी फुलून जाई. गर्वाचं घर खाली, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

गेल्या हंगामात उरलेल्या लाकडी पेट्या आणि पेंढा भाईंनी माझ्या डाव्या अंगाला, भिंतीला टेकवून रचला. पावसाळाभर तो ढीग तिथेच भिजत, कुजत पडला. मग एके सकाळी माझ्या पायाशी तांबड्या मातीचा वीतभर उंचवटा दिसला.

आमच्याकडे वाळवीच्या वारुळाला रोयण म्हणतात, आणि रोयण म्हणजे साक्षात सातेरी देवी. भाईंच्या बायकोने, यशोदाने, ती पाहताच हात जोडले. देवी आपल्या पायांनी घरी आली, असं तिने सगळ्या वाडीला सांगितलं. त्या दिवसापासून हळद-कुंकू, फूल आणि रोज तांब्याभर पाणी सुरू झालं. शेजारणी ओटी घेऊन येऊ लागल्या. चाळीस वर्षं जिच्याकडे कोणी बघितलं नाही, तिच्या पायाशी बायका वाकत होत्या. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आत मात्र कुरतडणं थांबत नव्हतं. वाळवीला ओल लागते आणि यशोदा ती रोज भक्तिभावाने घालत होती.

दिवाळी झाल्यावर एकदा भाईंनी दार ओढलं, तर बिजागरी स्क्रूंसकट त्यांच्या हातात आली. भोकातून माती गळली. भाईंचा चेहरा उतरला. त्यांनी शहरातल्या औषधवाल्याला फोन केला. भिंतीच्या कडेने भोकं पाडून औषध ओततो, बुधवारी येतो, असं तो म्हणाला. विहिरीचं विचारलं, तर चार दिवस पाणी काढू नका, एवढंच उत्तर आलं. मला हायसं वाटलं. विहीर माझ्यापासून बारा पावलांवर आहे, हे माझ्या मनातही आलं नाही. जिवावर बेतलं की शेजार आठवत नाही.

सोमवारी बाबुश माझी मापं घ्यायला आला. त्याने मला वाजवून पाहिलं. मग पडवीतला जांभ्या दगडाचा एक सुटा चिरा घेऊन त्यावर पेलाभर पाणी ओतलं. पाणी बघता बघता आत गेलं.

"हो जांभो आसा, भाई," तो विहिरीकडे बोट दाखवत म्हणाला. "आज भितीत ओतलला उद्या बावीत येतला. मे म्हयन्यात अर्धी वाडी हंयच पाणी भरता."

त्याने सांगितलं, त्यांच्या इगर्जेतल्या, म्हणजे चर्चमधल्या, वेदीलाही वाळवी लागली होती. तिथे त्यांनी ओल बंद केली आणि जमिनीत आमिषाचे डबे पुरले. आमिषात मंद औषध अगदी थोडं असतं. वाळवीच ते आपल्या घरट्यात नेते. इथेही तसं करता येईल, पण आधी रोयण राणीसकट खणून काढायला हवी. एवढं सांगून बाबुश पुन्हा माझी मापं घेऊ लागला. तो किरिस्तांव, दुसऱ्याच्या देवीला हात लावाच, असं कोणत्या तोंडाने सांगणार?

त्या दिवशी यशोदा जेवली नाही. रोयण मोडावी, तर देवीचा कोप. मोडू नये, तर बुधवारी विष विहिरीच्या वाटेला लागणार. माझा जीव टांगणीला लागला होता, आणि पहिल्यांदाच तो एकट्या माझ्यासाठी नव्हता.

मंगळवारी सकाळी तिने नारळ ठेवला. देवीपुढे गाऱ्हाणं घालायचं काम गावच्या मानकऱ्यांचं. तिने स्वतःच घातलं.

"आई सातेरी, तुजा घर सड्यार आसा. हंय तू ऱ्हवलंस तर आमी तुज्या नावान बाव नासवतलो. चूक माजी. पाणी घालून तुका मीच हंय बसयलंय. आता माज्यावांगडा चल."

मग पहिली कुदळ तिनेच मारली. पुढचं बाबुशने खणलं. बोटाएवढी जाड राणी मातीसकट टोपलीत ठेवून यशोदा डोक्यावरून सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळमाळावरच्या, मोठ्या रोयणीपाशी पोचवून आली. भाईंनी औषधवाल्याला नको म्हणून कळवलं. पेट्या हलल्या, डबे पुरले गेले. माझा डावा पाय हातभर कापावा लागला. त्याखाली आता दगड आहे. दुखलं, पण विहिरीचं पाणी वाडी आजही बिनघोर पिते.

तेव्हापासून यशोदा दर रविवारी मला बोटाने वाजवून बघते. गेल्या रविवारी पुतण्याच्या लग्नामुळे राहून गेलं.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या लाकडालाही अधूनमधून असं वाजवून बघा. ओल कुठून येते ते शोधा. आणि काहीही ओतण्याआधी, ते वाहत कुठे जाईल, ते विचारा. लाकूड आपणहून काही सांगत नाही. परवापासून माझ्या उजव्या पायाशी काहीतरी वळवळतंय. मुंगी असेल. मुंगीच असेल. आज पुन्हा रविवार आहे. यशोदा दोनदा माझ्यातून ये-जा करून गेली. अजून तिने वाजवलेलं नाही.